सात मंगळवार : एका लेखाच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

संपादकबाईंचा फोन आला. वयाने माझ्या मुलीएवढी आहे, मला काका म्हणते, पण कामाच्या बाबतीत सासू. जयंत नारळीकर सरांना जाऊन दोन आठवडे होत आले. दिवाळी अंकात त्यांच्यावर विभाग करायचं ठरलंय. "काका, सरांवर सगळेच लिहितायत. तुम्ही त्यांच्या गुरूंवर द्या. आणि तुमचं टीव्हीचं काहीतरी त्यात आणा."

गुरू म्हणजे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. टीव्हीचं म्हणजे त्यांच्या गोष्टीवरची बीबीसीची विज्ञानमालिका, 'ए फॉर अँड्रोमेडा'. मला विचारही करावा लागला नाही, लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ती मालिका मी कधीच पाहिलेली नाही. मीच काय, आज कुणीच ती पूर्ण पाहू शकत नाही.

मुदत १५ ऑगस्ट. शब्द अडीच हजार. मानधनाचा विषय दोघांनीही काढला नाही.

४ जून, बुधवार

कच्ची माहिती एका कागदावर उतरवली.

बीबीसीने ही मालिका ३ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर १९६१ या काळात दाखवली. सात मंगळवार, सात भाग. गोष्ट आणि विज्ञान हॉइल यांचं, पटकथेचा हात जॉन एलियट यांचा. पहिल्या पाच भागांची नावं इंग्रजी 'एम'ने सुरू होणारी : संदेश, यंत्र, चमत्कार, राक्षस, खुनी, असा अर्थ लावता येईल. सहाव्याला गाडी रुळावरून उतरते आणि 'वाघाचा चेहरा' येतो. सातवा 'शेवटचं गूढ'. लगेच १९६२ मध्ये दोघांच्याच नावाने कादंबरी निघाली. म्हणजे आधी पडदा, मग पुस्तक.

आपल्याकडे ही वाट उलटी असते. कादंबरीचं नाटक होतं, नाटकाचा सिनेमा होतो, सिनेमा पाहून आलेला माणूस म्हणतो, "पुस्तकात जास्त मजा आहे." पडद्यावरून पुस्तकाकडे यायचं म्हणजे काय, याला मराठीत सरावाचा शब्दसुद्धा नाही. 'कादंबरीकरण' म्हटलं की नगरपालिकेने काहीतरी हाती घेतल्यासारखं वाटतं. लेखात 'मालिकेवरून लिहिलेली कादंबरी' एवढंच लिहीन.

११ जून, बुधवार

पुस्तक आलं. भाची लीड्सला असते, तिथून जुन्या बाजारातली प्रत एका येणाऱ्यासोबत पाठवली. पानं चहात बुडवून काढल्यासारखी. सोबत डीव्हीडीही आहे. हॉइल यांचं जन्मगाव बिंगली तिच्यापासून फार लांब नाही. गोष्टीतली रेडिओ दुर्बीणही यॉर्कशरच्याच माळावर उभी आहे. "मामा, तिकडे नुसत्या मेंढ्या आहेत," असा तिचा अहवाल.

डीव्हीडी लागली नाही. चकती विभाग दोनची, आपला प्लेअर विभाग पाचचा. मी आयुष्यभर हेच काम केलं, आणि पंधरा मिनिटं रिमोट आपटत बसलो. शेवटी जुन्या पीसीच्या ड्राइव्हचा विभाग बदलला. तो पाचदाच बदलता येतो. माझ्या ड्राइव्हचे आता दोन उरले.

सात भागांपैकी पूर्ण उरलाय तो एक : सहावा. तोही २००५ मध्ये एका खासगी संग्राहकाकडून परत मिळाला. बाकीच्या टेपा बीबीसीने पुसल्या; त्यांचे काही तुकडे उरले, आणि पडद्याचे फोटो. जॉन क्युरा नावाचा लंडनचा छायाचित्रकार टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचा आणि नट-दिग्दर्शकांना विकायचा. त्याचा धंदा, पण आज तेच पुरावे. चकतीवर हे फोटो एकामागे एक लावून हरवलेले भाग उभे करायचा प्रयत्न केलाय. बघताना मला लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं झालं. सगळे दिसतात, बोलत कुणी नाही.

१५ जून, रविवार

आज नुसतं वाचलं. पेन्सिल हातात घ्यायची नाही, असं ठरवून.

गोष्ट थोडक्यात, माझ्याच सोयीसाठी. काळ तेव्हाच्या प्रेक्षकांच्या थोडा पुढचा, म्हणजे आपल्या आता बराच मागचा. यॉर्कशरमध्ये नवी प्रचंड रेडिओ दुर्बीण बांधून झाली आहे, उद्घाटन व्हायचंय. चाचणी चालू असताना देवयानी तारकासमूहाच्या दिशेकडून ठरावीक लयीचा संकेत येऊ लागतो. जॉन फ्लेमिंग नावाच्या तिरसट तरुणाच्या ध्यानात येतं की हा निरोप नाही, ही कृती आहे. म्हणजे पाककृती असते तशी. संगणक कसा बांधायचा ते आधी, त्या संगणकाला काय खायला घालायचं ते नंतर. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर थॉर्नेस इथल्या लष्करी रॉकेट तळावर तो संगणक बांधला जातो. मग तो प्रश्न विचारू लागतो : तुम्ही कशाचे बनलेले आहात? जीवशास्त्रज्ञ मॅडेलिन डॉने उत्तरं पुरवते. त्यातून आधी एकडोळी गोळा तयार होतो. मग प्रयोगशाळेतली ख्रिस्टीन त्या यंत्राच्या दोन टोकांना हात लावते आणि मरते, आणि यंत्र तिच्यासारखीच दुसरी मुलगी घडवायला सांगतं. तीच अँड्रोमेडा.

गोष्टीत एक लबाड आंतरराष्ट्रीय कंपनी आहे, संदेशाची गुपितं विकत घेणारी. तिचं नाव 'इंटेल'. खरी, चिप बनवणारी इंटेल स्थापन झाली १९६८ मध्ये. लेखात हे घालू की नको? घातलं तर वाचक तेवढंच लक्षात ठेवतील. (घातलं.)

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, बाहेर जायचा प्रश्नच नाही. दिवसभर टाळ-मृदंग ऐकत काम केलं आणि काम चांगलं झालं.

एडिटिंगच्या टेबलावर तीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी लॉगशीट आखली. सीन क्रमांक, जागा, आत की बाहेर, दिवस की रात्र, कोण कोण, अंदाजे मिनिटं. कादंबरी वाचत जायची आणि जी मालिका पुसली गेली तिचा लॉग उलटा भरत जायचा. शेवटच्या रकान्यात एक अक्षर : 'स्टु' (स्टुडिओ) किंवा 'फि' (फिल्म).

याचं कारण असं. १९६१ मध्ये अशा मालिकेचा बहुतेक भाग स्टुडिओत व्हायचा. तीन-चार कॅमेरे, नाटकासारखा सलग प्रयोग, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस तिथल्या तिथे कॅमेरे बदलणार. व्हिडिओ टेप दोन इंच रुंद, सेकंदाला साधारण पंधरा इंच धावणारी. ती कापायची म्हणजे ब्लेडने खरोखर कापायची, तीही बरोबर जागा सापडली तर. त्यामुळे कापाकापी कोणाला नको असे. बाहेरची दृश्यं आधी फिल्मवर चित्रित करायची आणि प्रयोग चालू असताना मध्ये सोडायची.

तर पुस्तकातल्या प्रत्येक प्रसंगापुढे मी ठरवत गेलो : हा खोलीतला, हा माळावरचा. आणि गंमत दिसू लागली. खोलीतल्या प्रसंगांचं गद्य तुकड्या-तुकड्यांचं आहे. माणसं आत येतात, दोन वाक्यं बोलतात, कुणीतरी दाराकडे वळतं. लेखक त्यांच्या डोक्यात शिरत नाही, समोरच्या खुर्चीवर बसून बघतो. कॅमेरा क्रमांक दोन. पण किनारा, कडे, समुद्र, बोट आली की गद्याला पाय फुटतात. इथे फिल्मचा खर्च नाही, हवामानाची कटकट नाही, जनरेटर नाही. शेवटाकडे फ्लेमिंग अँड्रोमेडाला घेऊन पळतो, तेव्हा तर पुस्तक मोकळं सुटतं.

एलियट यांना किती बरं वाटलं असेल. मालिकेत निर्मात्याने "एवढं परवडत नाही" म्हणून जे जे खोडलं असेल, ते इथे शाईच्या भावात.

संध्याकाळी माउलींची पालखी पाहून आलो. पाय भरून आलेत.

२४ जून, मंगळवार

योगायोग : आज हॉइल यांचा जन्मदिवस, २४ जून १९१५. आणि वारही मंगळवार.

ज्यूडी अ‍ॅडमसनच्या प्रसंगांवर अडलोय. ही दुर्बिणीवर आलेली प्रसिद्धी अधिकारी, आतून सुरक्षा खात्याची माणूस. तिला विज्ञान येत नाही. म्हणून प्रोफेसर राइनहार्टना तिला समजावून सांगावं लागतं आणि आपोआप आपल्यालाही कळतं. अर्जुनाने विचारल्याशिवाय गीता पुढे सरकत नाही, त्यातलाच प्रकार. टीव्हीला असा विचारणारा लागतोच, कारण निवेदकाला पडद्यावर जागा नसते. पण कादंबरीत निवेदक फुकट मिळतो. तो सरळ सांगू शकला असता की संकेत कसा ओळखतात. तरी तो सांगत नाही, ज्यूडीच विचारते.

मला आधी हा आळस वाटला. आता वाटतं, बरं झालं. पुस्तक पटकथेला धरून राहिलं म्हणून त्यातून मला मालिकेचा सांगाडा दिसतोय. कुणी खरा मोठा कादंबरीकार असता तर त्याने सगळं वितळवून स्वतःचं काहीतरी ओतलं असतं, आणि मी आज लॉगशीट घेऊन बसू शकलो नसतो.

२९ जून, रविवार

सहावा भाग तिसऱ्यांदा पाहिला. आज आवाज बंद करून.

४०५ रेषांचं चित्र. आजच्या मोबाइलच्या तुलनेत अगदीच विरविरीत. पण चेहरे जवळून धरलेत, कारण तेव्हाच्या छोट्या पडद्यावर लांबचं काही दिसायचंच नाही. म्हणून सगळा खेळ चेहऱ्यांचा. ज्युली ख्रिस्ती तेव्हा विशीतली, नाट्यशिक्षण घेत असलेली नवखी मुलगी. पुढे चारच वर्षांत तिने 'डार्लिंग' केला आणि ऑस्कर घेतलं. (तिचा जन्म आसामातला, चहाच्या मळ्यावरचा. आमच्या संपादकांना हे फार आवडेल. प्रत्येक गोष्टीत भारत कुठे आहे ते तिला हवं असतं.)

तर मुद्दा. पडद्यावर ख्रिस्टीन आणि अँड्रोमेडा एकच नटी करते. अँड्रोमेडा पहिल्यांदा समोर येते तेव्हा कुणालाही काही सांगावं लागत नाही. घरात बसलेला प्रेक्षक आधी दचकतो, पात्रं नंतर दचकतात. मधल्या त्या दोन सेकंदांत सगळी भीती आहे. पुस्तकात हे जमूच शकत नाही. शब्दांत ख्रिस्टीनचा चेहरा आपण आपापला केलेला असतो, माझा वेगळा, तुमचा वेगळा. तोच चेहरा परत आला म्हणून लेखकाने सांगितलं, तर आपण "बरं" म्हणतो. दचकत नाही.

गेल्या आठवड्यात मी पुस्तकाची बाजू घेतली होती. आज टीव्हीची घेतो. संकेत, संगणक, लष्कर, कंपनी, हे सगळं पुस्तकात मावलं. तो एक चेहरा मावला नाही. तो प्रसंग ज्या भागात आहे तो भाग उपलब्ध नाही.

इटलीच्या राई वाहिनीने १९७२ मध्ये हीच गोष्ट पाच भागांत केली, ती शाबूत आहे. बीबीसीनेही २००६ मध्ये एका भागात पुन्हा केली, टॉम हार्डी आणि केली रायली. दोन्ही बघून टाकायला हवेत. पण मूळ टेप ती मूळ टेप.

३ जुलै, गुरुवार

संपादकांचा निरोप : "काका, सरांचा धागा कुठाय?"

तर तो असा आहे. नारळीकर कोल्हापूरचे, बनारसहून १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, १९६० पासून हॉइल यांच्याकडे संशोधनाला. म्हणजे हे सात मंगळवार झाले तेव्हा ते तिथेच होते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली होती. म्हणणं असं, की ही मोजणी हॉइल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धान्ताशी (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे) जुळत नाही. पत्रकार परिषदच घेतली होती. लगेच रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे उत्तर द्यायला उभं राहायची वेळ आली ती नारळीकरांवर, वय बावीस.

आता मालिकेकडे बघा. रेडिओ दुर्बिणींनी ज्या माणसाला फेब्रुवारीत कोंडीत पकडलं, त्याच माणसाच्या गोष्टीत ऑक्टोबरमध्ये नायिका म्हणावी अशी जागा रेडिओ दुर्बिणीची आहे. राग वगैरे काही नाही. उलट कौतुक. मला हॉइल या एका गोष्टीसाठी आवडू लागले.

आणि वर्ष काय होतं ते! कोक्कोनी आणि मॉरिसन यांनी १९५९ मध्ये लिहिलं की परग्रहावरचा संकेत ऐकायचा तर हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावा. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला दोन ताऱ्यांकडे कान लावलासुद्धा. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाई यांनी जनुकीय संकेतातलं पहिलं अक्षर उकललं. डॉनेबाई मालिकेत जे करतात त्याची पहिली पायरी खऱ्या प्रयोगशाळेत त्याच वर्षी चढली जात होती. हॉइल यांनी दोन्ही टोकं एकत्र बांधली. प्रकाशवर्षांचं अंतर कापून यानं पाठवायची काय गरज? माहिती पाठवा. ज्याला हाव असेल तो स्वतःच्या खर्चाने यंत्र बांधेल.

हे वाक्य लेखात जाणार.

१३ जुलै, रविवार

नारायणगावला लग्नाच्या बोलणीसाठी गेलो होतो (माझ्या नाही). परत येताना गाडी खोडदकडे वळवली. पावसाळी ढग, भिजलेली शेतं, आणि मधेच तिथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या, जीएमआरटीच्या, अँटेना. प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, अशा तीस. काही मध्यभागी एकत्र, बाकीच्या तीन दिशांना चौदा-चौदा किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. थाळी म्हणायची पण भरीव नाही. बारीक तारांची जाळी आहे, पलीकडचे ढग दिसतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आटोक्यात. कादंबरीतली दुर्बीण वाचताना मी डोळ्यांपुढे इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीची ७६ मीटरची भरीव वाटी ठेवली होती. १९५७ मध्ये ती तयार झाली, त्या काळच्या इंग्लिश प्रेक्षकानेही तीच ठेवली असणार. आता माझ्या डोक्यात यॉर्कशरच्या माळावर खोडदची जाळी उभी आहे आणि ती निघत नाही.

टपरीवर चहा घेतला. टपरीवाले मामा म्हणाले, "ते तिकडं ऐकत्यात. बोलत न्हाईत." विज्ञान प्रसिद्धी खात्याला याहून बरं वाक्य सुचलं नसतं.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. परतीच्या वाटेवर तेच डोक्यात घोळत होतं. किती वग नुसते तोंडातोंडी बसवले, गाजले, आणि ज्याला पाठ होते तो सोंगाड्या गेल्यावर गेले. तिथे पुसायला टेप तरी कुठे होती?

१९ जुलै, शनिवार

आज सरांचा जन्मदिवस, १९ जुलै १९३८. दिवसभर त्यांची कादंबरी 'वामन परत न आला' पुन्हा वाचली.

जमिनीखाली खोल एक पेटी सापडते. कुणीतरी फार पूर्वीच्या, फार पुढारलेल्या लोकांनी ठेवलेली. तिच्यातल्या माहितीवरून यंत्र बांधलं जातं आणि मग ते यंत्र डोईजड होतं. आकाशातून आलेल्या संदेशाऐवजी पायाखालून आलेला. गुरूची गोष्ट शिष्याने उचलली असं मी लिहिणार नाही, त्याला आधार नाही आणि ते खरंही वाटत नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच आहे : फुकट मिळालेलं ज्ञान कोण, कशासाठी देतं? फरक असा, की हॉइल-एलियट यांच्या गोष्टीत यंत्र मोडायला शेवटी कुऱ्हाड लागते. सर वामनावताराचं नाव देतात आणि तीन पावलांचा धोका मराठी वाचकाला शीर्षकातच कळतो. लंडनच्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती.

२२ जुलै, मंगळवार

हे लेखात घ्यायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

बीबीसीने टेपा पुसल्या, असं लिहिताना माझी लेखणी जरा जास्तच धारदार व्हायला लागली होती. "अक्षम्य" असा शब्द लिहून झाला. मग तो खोडला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एका निर्मितीसंस्थेत मी साहाय्यक होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, संस्थाही आता नाही. टेपा महाग, कपाट एक, नवं काम डोक्यावर. साहेबांनी यादी दिली. त्यात तेरा भागांची एक मुलांची मालिका होती, विज्ञानकथाच, थर्माकोलचा यंत्रमानव असलेली. प्रसारण झालं होतं, बिल निघालं होतं, पुन्हा दाखवायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

बल्क इरेझर म्हणजे इस्त्रीच्या चौपट आकाराचा विद्युतचुंबक. आधी हातातलं घड्याळ काढून लांब ठेवायचं, नाहीतर ते कायमचं वेडं होतं. यू-मॅटिक कॅसेट वर ठेवायची, खटका दाबायचा, घूंऽऽ आवाज येतो आणि बोटांना कॅसेट थरथरताना जाणवते. सावकाश गोल फिरवायची, उलटी करायची, पुन्हा फिरवायची. मग खटका बंद करायच्या आधी हळूहळू हातभर लांब न्यायची. तसं नाही केलं तर टेपवर ठोका राहतो. मी काम नीट करायचो. ठोका राहू द्यायचो नाही. जेवणाच्या सुट्टीआधी तेरा संपल्या. लेबलं ओल्या बोळ्याने पुसून काढली, कारण पेट्याही परत वापरायच्या होत्या.

बीबीसीतही कुणीतरी असाच, घड्याळ काढून ठेवलेला, नीट काम करणारा मुलगा असणार. कराराने फेरप्रक्षेपण एखाद-दोनदाच करता यायचं, घरोघरी व्हिडिओ नव्हता, टेप परत वापरायची होती. बीबीसीच्याच 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे नव्वदहून जास्त भाग आजही सापडत नाहीत ते अशाच हिशेबापायी. ती मालिका बघणारी मुलं १९७३ पासून टार्गेट प्रकाशनाची, भागांवरून लिहिलेली स्वस्त पुस्तकं वाचत मोठी झाली. एकट्या टेरन्स डिक्स यांनी साठाहून जास्त लिहिली. बघायला मिळत नाही म्हणून वाचायचं. बीबीसीला पुस्तकं म्हणजे जोडधंदा वाटला असेल. नंतर हरवलेल्या भागांची गोष्ट त्यांतच सापडायची.

आमच्या तेरा भागांचं पुस्तक कुणी काढलं नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिला मसुदा झाला. तीन हजार नऊशे शब्द. सुरुवात सिनेमाच्या जुन्या गाण्यांच्या पुस्तिकेने केली आहे. थिएटरबाहेर मिळायच्या त्या, कथासार अर्ध्यावर आणून सोडायच्या : 'पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहावा.' 'ए फॉर अँड्रोमेडा'चं नेमकं उलट झालं. पडद्याने एक भाग हातात ठेवला आणि सांगितलं, बाकी पुस्तकात वाचा.

'अँड्रोमेडा ब्रेकथ्रू' ही पुढची मालिका १९६२ ची, तिचे सगळे भाग आहेत. तिच्यावरूनही कादंबरी आहे. ती मी चाळली आणि ठेवून दिली. मालिका बघता येतेय म्हटल्यावर माझाच हात पुस्तकाकडे जाईना. एवढं एक वाक्य पुरे, जास्त जागा नको.

७ ऑगस्ट, गुरुवार

संपादकांनी मसुदा कापून पाठवला. इंग्रजीत ती आणि मी दोघंही एडिटर. ती कापते तेव्हा त्याला संपादन म्हणतात, मी कापायचो तेव्हा निर्माता "जरा टाइट कर" म्हणायचा.

ज्यूडी गेली. इटली गेली. खोडदचे मामा राहिले. कादंबरीतला अर्धं पान उतारा अनुवाद करून टाकू का, असं तिने विचारलं. नको म्हणालो. हॉइल २००१ मध्ये गेले, हक्क शाबूत आहेत, आणि दिवाळी अंकासाठी लंडनला पत्रव्यवहार करायची माझी ताकद नाही. त्याऐवजी लॉगशीटचं एक पान छापू, मी हाताने भरलेलं. तिला ते आवडलं. "अक्षर जरा बरं काढा काका."

"काका, एक विचारू? तुमच्या लॉगमधलं मालिकेत खरंच होतं आणि पुस्तकात नंतर घातलं, हे कशावरून ठरवलं?"

सहाव्या भागापुरतं सांगता येतं. बाकी सहांसाठी माझा तीस वर्षांचा अंदाज. लेखात तसं स्पष्ट लिहिलं. रकान्याचं नाव 'स्टु/फि' बदलून 'बहुधा स्टु/बहुधा फि' केलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लेख पाठवला. दोन हजार सहाशे दहा शब्द. वरचे एकशे दहा तिने मोजले नाहीत किंवा मोजून सोडले.

२३ ऑगस्ट, शनिवार

काम संपलं तरी वही उघडली.

त्या तेरा भागांचा कॅमेरामन ठाण्याला असतो, सत्तरी ओलांडली आहे. त्याला फोन केला. ज्यांनी संहिता लिहिली होती त्या बाई केव्हाच गेल्या. घर बदलताना त्यांची कागदपत्रं रद्दीत गेली असं त्याने ऐकलंय. मी त्याला म्हटलं, "दादा, आठवेल तेवढं सांगा. मी लिहून घेतो." आधी हसला. मग त्यालाच राहवेना.

कोरी लॉगशीट घेतली. भाग पहिला. सीन एक : शाळेची गच्ची, रात्र. सीन दोन : प्रयोगशाळा, स्टुडिओ, यंत्रमानवाचा उजवा हात सारखा निखळायचा म्हणून डावीकडूनच धरलेला. सीन तीन : मैदान, बाहेर, मुलगा एकटा उभा.

"पाऊस होता," मी म्हणालो.

"पाऊस कुठला? एप्रिलमध्ये शूट केलंय. कडक ऊन होतं, रिफ्लेक्टर धरणाऱ्या पोराला चक्कर आली होती."

"मला पाऊस दिसतोय."

"तू तेव्हा टेबलावर होतास. मी मैदानात होतो."

शेवटच्या रकान्यात 'बहुधा ऊन' लिहिलं. सीन चार आम्हाला दोघांनाही आठवला, आणि तो सारखाच आठवला. पाचवा उद्या. तो सकाळी दहानंतर फोन करतो म्हणालाय, गुडघ्याचे व्यायाम झाल्यावर.